घोंगडीखालचा रिपोर्ट

चैत्रातल्या दुपारी जतच्या बाजूला अंगावरचा शर्टसुद्धा नकोसा होतो. अशा उन्हात आमचे मालक खांद्यावर काळी घोंगडी टाकून बाजारातून हिंडायचे. नवखा माणूस त्यांना बघून आधी बिचकायचा आणि मग मला हळूच विचारायचा, "यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"घोड्यांच्या बाबतीत आहे," मी सांगायची. "माणसांच्या बाबतीत मी खात्री देत नाही."

मालक म्हणजे माझ्या औषधदुकानाच्या गाळ्याचे मालक. माझं माहेर औंधचं. लग्न होऊन मी या कोरड्या मुलखात आले, नवरा इथल्या शाळेत शिक्षक, आणि माझ्याकडं फार्मसीची ताजी डिग्री. बाजारपेठेत एकच गाळा रिकामा होता, तो यांचा. पुढं गाळा, मागं त्यांची खोली, आणि खोलीमागं एक मोठं अंगण. अंगणात घोडं बांधायच्या चार मेखा होत्या, पण घोडं एकही नव्हतं. मी गाळा बघायला गेले तेव्हा ते रिकाम्या मेखांभोवती झाडलोट करत होते.

"गाळा तुमचा," ते म्हणाले. "भाडं जमंल तसं द्या. पर एक अट हाय, मॅडम. जनावराच्या डोळ्याचं औषध मला इचारल्याबिगर कुणाला द्याचं न्हाई. माणसाच्या डोळ्याचं तुमी बघा. माणूस बोलून तरी दावतंय."

मी मान डोलावली आणि घरी येऊन नवऱ्याजवळ यथेच्छ फणफणले. चार वर्षं पुस्तकात डोकं घालून डिग्री घेतली, आणि आता एका रिटायर ड्रेसरला विचारून थेंब विकायचे? मालक लष्करातल्या घोड्यांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारे, होते. उभी उमेद तिकडंच गेली होती. गावात लोक त्यांना अण्णा म्हणायचे, पण कौतुकानं डॉक्टर म्हणायला गेले की ते भडकायचे. "डॉक्टर शिकल्याला असतोय. मी निस्ता बघणारा हाय."

ते बघायचे कसे, ते मला पहिल्याच महिन्यात दिसलं. कुणीतरी लाल डोळ्याचं घोडं घेऊन आलं. मालकांनी खिशातनं केशरी टोकाची एक कागदी पट्टी काढली, सलाइनच्या थेंबात ओली केली आणि घोड्याच्या पापणीच्या आत अलगद टेकवली. डोळ्यात रंग पसरला. जास्तीचा रंग त्यांनी धुऊन काढला. मग खांद्यावरची घोंगडी स्वतःच्या डोक्यावरून घोड्याच्या डोक्यावर ओढली आणि दोघंही आत गडप झाले. भर बाराच्या उन्हात त्यांना अंधार लागायचा, म्हणून ती घोंगडी. आत ते एक बॅटरी लावायचे. तिच्या तोंडाला निळा जिलेटिनचा कागद बांधलेला असायचा. बुबुळावर ओरखडा असला, तर त्या निळ्या उजेडात तेवढीच जागा हिरवी चमकते.

"हिरवं दिसलं तर एक औषध, न्हाई दिसलं तर दुसरं," ते म्हणायचे. "आन् न बघता दिलं तर डोळा ग्येला."

आत गेले की ते काहीतरी पुटपुटत असायचे. बाहेर लोक म्हणायचे, मंत्र टाकतात. मी एकदा सरळ विचारलं.

"मंत्र कसला? रिपोर्ट देतो," ते म्हणाले. "साहेब, आता पट्टी लावतोय. साहेब, आता पाणी घालतोय, गार लागंल. त्येंच्या डोळ्यात काय चाललंय ते त्यास्नी सांगाय नको?"

सगळी घोडी त्यांना साहेब होती. घोडा असो, घोडी असो, मेंढरांमागून सामान वाहणारं मरतुकडं तट्टू असो. दोन पायांच्या साहेबांना केलेले सलाम नोकरीचे होते, असं ते म्हणायचे.

घरगुती औषधांवर त्यांचा एकच इलाज होता. आमच्याकडं लाल डोळ्यावर तंबाखू चघळून त्याची पिंक जनावराच्या डोळ्यात मारायची एक जुनी खोड आहे. कुणी तसं केल्याचं सांगितलं की मालक अगदी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "बेस औषध हाय की. बस रं गड्या हितं. वर बघ. आधी तुझ्या डोळ्यात टाकू, गुण आला की साहेबांच्या टाकू." तो माणूस चप्पल सोडून पळायचा. माझ्या पायरीवर अशा दोन चपला बरेच दिवस पडून होत्या.

एकदा दुकानासमोरून नवरदेवाचा परण्या चालला होता. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, ती मिरवणूक. पोरांनी रंगीत धुराची नळकांडी पेटवलेली, चमकी उडवणारं यंत्र आणलेलं, आणि घोडी एक डोळा घट्ट मिटून मान झटकत होती. मालक पायरी उतरले, गर्दीत घुसले, लगाम धरला आणि घोंगडी ओढली. वर जरीच्या फेट्यातला नवरदेव, आणि पुढं घोडीच्या तोंडाच्या जागी घोंगडीचा ढीग. बँड आपोआप थांबला.

"आवं अण्णा, मुहूर्त टळतोय!" नवरदेवाचा मामा ओरडला.

घोंगडीतनं आवाज आला, "मुहूर्त दुसरा काढता यील. डोळा कुठनं काढू?"

नवरदेवानं वरून भीत भीत विचारलं, "मी उतरू का?"

"उतरा. मारुती काय लांब न्हाई."

नवरदेव मारुतीला चालत गेला. घोडीच्या पापणीखालनं चमकीचा एक कण निघाला, आणि संध्याकाळपर्यंत ती आमच्या अंगणात मेखेला उभी राहून कडबा खात होती. त्या घरानं मालकांशी वर्षभर अबोला धरला. तो नवरदेव मात्र पुढं बाळासाठी ग्राइप वॉटर न्यायला यायचा आणि दर वेळी विचारायचा, "घोडी बरी हाय न्हवं?" माझी तर त्या दिवशी हसून पुरेवाट झाली होती. मालक असे हसवायचे, आणि त्यांना स्वतःला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

आता सांगायचं ते सांगते.

मायाप्पा आणि यल्लव्वा हे मेंढरं राखणारं जोडपं. पावसाळा इकडं काढायचा आणि दसरा झाला की कळप घेऊन घाटाखाली कोकणात उतरायचं, ही त्यांची पिढ्यांची रीत. सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. भांडी, वाघरं, म्हणजे मेंढरांना कोंडायची जाळी, चालता न येणारी कोकरं, कोंबड्या. घोडीचं नाव लक्षी. लक्षी चालली नाही तर त्यांचं घरच चालत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला मायाप्पा दुकानात आला. "ताई, लक्षीचा डोळा लाल झालाय. पाणी गळतंय, मिटून धरतीया. चार दिवसांत निघायचं हाय."

मालक तेव्हा सांगलीजवळ कुपवाडला मुलाकडं गेलेले. मुलगा तिथल्या एका कारखान्यात होता. मी फोन लावला, पण मालकांचा मोबाइल नेहमीप्रमाणं बंद. बॅटरी संपते म्हणून ते तो बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. समोर गिऱ्हाइकांची रांग, मायाप्पाची घाई, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ती डिग्री. लाली झटक्यात उतरवणारा थेंब मला माहीत होता. मी तो दिला. त्यात स्टेरॉइड होतं.

दोन दिवसांनी मायाप्पा पळत आला. लाली गेली होती, डोळा उघडला होता. त्यानं माझ्यापुढं तांब्याभर मेंढीचं दूध ठेवलं आणि वाटेत लागेल म्हणून आणखी एक बाटली मागितली. मी हसत हसत दिली. अण्णांचं काही अडत नाही आपल्याला, असं मनात म्हटल्याचंही मला आठवतं.

मालक परत आले त्या दिवशी मायाप्पा लक्षीला घेऊन अंगणात उभा होता. तिचा उजवा डोळा ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा झाला होता, आणि पापणी फडफडत होती. मालकांनी घोंगडी ओढली. आत ते खूप वेळ होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं.

"काय दिलं, मॅडम?"

मी बाटली आणून दिली. त्यांनी ती हात लांब करून वाचली आणि खिशात घातली. बुबुळावर ओरखडा होता. माझ्या थेंबानं वरची लाली झाकली आणि आतला ओरखडा खोल नेला.

"कशानं झालं ओ, अण्णा?" मायाप्पानं विचारलं.

"बाभळीचा काटा लागला हाय," मालक म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं.

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी औषधं दिली आणि डोळा फुटूही शकतो असं स्पष्ट सांगितलं. मालकांनी त्यांना अदबीनं विचारलं, "सर, साहेबांच्याच रगताचं पाणी घालून बघू का? लष्करात घालत हुतो." डॉक्टरांनी होकार दिला आणि रक्त काढून दिलं. ते नळीत उभं ठेवलं की लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, तेच थेंब म्हणून घालायचं. नळ्या माझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी राहिल्या. मी त्यांवर लेबल लावलं: लक्षी, उजवा डोळा. दर दोन तासांनी थेंब. दिवसाची पाळी माझी आणि मालकांची, रात्रीची मायाप्पाची.

गावातले बाकीचे कळप निघून गेले. मायाप्पाच्या भावकीची मेंढरं गेली, कुत्री गेली. इथला चारा संपला होता आणि पाण्याचा टँकर माणसांनाच पुरत नव्हता. त्याची मेंढरं उन्हात माना खाली घालून उभी असायची. आणि तो गावभर सांगत सुटला, "मेडिकलच्या ताई लक्षीसाठी लय करत्यात." यल्लव्वा सकाळी भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, "तुमास्नी आमच्यापायी जेवायला टाइम न्हाई." ती भाकरी मी फडक्यात बांधून तशीच घरी न्यायची. मी चूक केली होती आणि चुकीवर कौतुक खात होते. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, सांगून टाक. पण गावात एकच औषधदुकान, आणि माझ्या हातचं औषध उद्यापासून कुणी घेईल का, ही भीती.

पाचव्या की सहाव्या दिवशी मालक म्हणाले, "आज तुमी बी या आत. बॅटरी धरा."

घोंगडीत मी पहिल्यांदा शिरले. लोकरीचा वास, घोडीच्या घामाचा वास, आणि कानाशी तिचा गरम श्वास. मी निळी बॅटरी धरली. बुबुळावर मधोमध मोठा हिरवा डाग चमकत होता.

"साहेबांना रिपोर्ट दिला का?" मालकांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कसला?"

"मायाप्पाला सांगायचं का न्हाई, त्ये तुमचं तुमी बघा. म्या काय बोलणार न्हाई. पर डोळा ह्येंचा हाय. ह्यास्नी सांगितल्याबिगर कसं चालंल?"

मला त्यांचा राग आला. मग वाटलं, घोडीला तर सांगायचंय, तिला काय कळतंय. मी म्हणाले, "लक्षी, अण्णांना विचारल्याशिवाय थेंब द्यायचा नव्हता. मी दिला. दोनदा दिला. काट्यानं एवढं झालं नसतं, माझ्यामुळं झालं." तिच्या गालाला कपाळ टेकून मी रडले. इतके दिवस दाबलेलं सगळं तिथं बाहेर आलं.

घोंगडी म्हणजे काही भिंत नव्हे, हे मला तेव्हा सुचलं नाही. मायाप्पा आणि यल्लव्वा हातभर अंतरावर दोर धरून उभे होते. त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. घोंगडीच्या कडेखालून त्यांची पावलं दिसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग मायाप्पाचा आवाज आला. "ताई, बाटली तुमी दिली. डोळ्यात मी घातली. आन् दुसरी मागाय मीच आलतो."

त्यावर यल्लव्वा म्हणाली, "आन् काटा बाभळीनं मारला. आता किती जणांवर घालायचं? थेंबाचा टाइम झाला न्हवं?"

मालकांनी अंधारात माझ्या हातात थेंबाची नळी ठेवली. "साहेब, रिपोर्ट पोचला," ते लक्षीला म्हणाले, "आता मॅडम थेंब घालत्यात. गार लागंल."

ते हे मुद्दाम करत होते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली असती आणि चहा सांगितला असता.

डोळा फुटला नाही. हिरवा डाग हळूहळू आक्रसत गेला आणि एका सकाळी घोंगडीतून मालकांचा आवाज आला, "हिरवं न्हाई! मॅडम, हिरवं न्हाई!" बुबुळावर पांढरं फूल मात्र पडलं, ते कायमचं. त्या बाजूनं लक्षीला उजेड-अंधार तेवढा कळायचा. दिवाळी उलटल्यावर मायाप्पाचा कळप निघाला. निघताना मालकांनी दोघांना बजावलं, "फुलाच्या बाजूनं जवळ जाताना आधी बोलायचं. मुकाट्यानं हात लावायचा न्हाई. त्यास्नी दिसत न्हाई, तवा आपून कोण हाय त्ये सांगायचं." घाटात, गाड्यांच्या रस्त्यावर यल्लव्वा लक्षीच्या उजवीकडून बोलत बोलत चालायची, असं मायाप्पानं नंतर सांगितलं.

त्यानंतर दर ज्येष्ठात कळप परतला की लक्षी आधी आमच्या अंगणात यायची. मालक मुद्दाम तिच्या फुलाच्या बाजूनं उभे राहायचे. "हजर हाय, साहेब," म्हणायचे, आणि ती आंधळी बाजू न वळवता कान तिकडं करून उभी राहायची. वर्षभर रिकाम्या असलेल्या चार मेखांपैकी एकीला तेवढे दिवस दोर असायचा. मालक त्या दिवसांत दाढी रोज करायचे.

पुढं त्यांचे गुडघे गेले आणि मुलानं त्यांना कुपवाडला नेलं. घोंगडी त्यांनी दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवली. "फ्लॅटमधी कुणाला पांघरू? ऱ्हाऊ दे हितंच, तुमच्यापाशी," म्हणाले. मी महिन्या-दोन महिन्यांनी सांगलीला औषधं भरायला गेले की त्यांच्याकडं जायची. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते कारखान्यांकडं जाणाऱ्या मोटारसायकली बघत बसलेले असायचे. मी टेकले रे टेकले की पहिला प्रश्न, "साहेब कुठवर पोचलं?" मग मी तिथूनच मायाप्पाला फोन लावायची. तो सांगायचा, पाटण ओलांडलं, घाट उतरलो, चाऱ्याला बरं हाय. मालक फोन कानाशी धरून म्हणायचे, "त्येंच्याजवळ वाईच धर फोन." आणि पलीकडचा श्वास ऐकत बसायचे. मी तेव्हा घड्याळ बघायची, कारण एसटीची वेळ झालेली असायची. आज वाटतं, एक एसटी चुकली असती तर काय बिघडलं असतं?

गेल्या पौषात ते गेले. मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. अंगणात जाऊन चारी मेखांभोवती झाडून काढलं, दुसरं काय करावं ते सुचलं नाही. मायाप्पाला कळवलं, यल्लव्वा फोनवरच रडली. गावातल्या सगळ्यांना सांगितलं. त्या चालत मारुतीला गेलेल्या नवरदेवालाही सांगितलं.

अजूनही कुणी जनावराच्या लाल डोळ्याचं औषध मागितलं की माझी मान आपोआप मागच्या दाराकडं वळते. विचारायला तिथं कुणी नाही. मग मी खिळ्यावरची घोंगडी काढते, पट्टी घेते आणि स्वतः बघते. हिरवं असेल तर तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करते. लोक म्हणतात, मॅडमवर मालकांची सावली पडली. पडू दे की.

यंदा ज्येष्ठात कळप परतला. मायाप्पा आणि यल्लव्वा लक्षीला घेऊन अंगणात आले. म्हातारी झालीय आता, पाठ खाली गेलीय. ती नेहमीच्या मेखेपाशी जाऊन उभी राहिली, आणि तिनं फुलाच्या बाजूचा कान मालकांच्या खोलीच्या दाराकडं केला. तो तिनं तसाच धरून ठेवला. मला बघवेना. सगळ्यांना सांगून झालं होतं, हिलाच सांगायचं राहिलं होतं.

मी घोंगडी आणली. तिच्या उजवीकडून गेले. "लक्षी, मी आलेय, मॅडम," म्हटलं, आणि घोंगडी दोघींवर ओढली. आत तोच वास होता. बॅटरी आणली नव्हती, बघायचं काही नव्हतंच.

"साहेब, रिपोर्ट द्यायचाय," मी म्हणाले. "अण्णा गेले. पौषात गेले. तुमची चौकशी करत होते." एवढं बोलून मी तिच्या मानेला धरून उभी राहिले. तिचा कान माझ्या गालाला लागला.

मी घोंगडी काढायला हात वर केला, तेवढ्यात पलीकडून यल्लव्वाचा आवाज आला.

"ताई, वाईच थांब आतच. एवढं सांगून तिला लगीच एकटी सोडू नको."

मी थांबले.